बेसनातील लाख : बंदी कागदावर, मोजमाप कुठे?

डाळीच्या बाजारात लाखेचे नाव मोठ्याने कोणी घेत नाही. विदर्भात तिला लाखोळी म्हणतात, उत्तरेकडे खेसारी आणि मध्य प्रदेशात तिवडा. दिसायला तुरीच्या डाळीची धाकटी बहीण, भावाने बहुधा स्वस्त, आणि दळून बेसनात टाकली तर नुसत्या डोळ्याने ओळखणे कठीण. जळगाव शहरात डाळ मिलांच्या धंद्यावर हमालापासून दलालापर्यंत कितीतरी घरे चालतात. धुळ्यात यंत्रमागाची पाळी सुटली की कारागीर शेवभाजीच्या गाडीकडे वळतो. या दोन्ही शहरांतील व्यापारी व कारागीर बांधवांना ही डाळ काय चीज आहे, ती कशी ओळखतात आणि तिच्यातील विष कसे मोजतात, हे ठाऊक असलेच पाहिजे.

खानदेशात बेसनाशिवाय चूल चालत नाही. शेवभाजी बेसनाची, पातोड्यांची भाजी बेसनाची, डुबुकवड्या बेसनाच्या. रमजानमध्ये तर इफ्तारच्या दस्तरखानावर खजुरानंतर हात जातो तो भज्यांकडेच. मोहल्ल्यातील विधवा बाई दारात कढई मांडून त्या एका महिन्यात वर्षाची उधारी फेडते. ती बेसन कुठून आणते? बहुतेक वेळा सुटे, पोत्यातले, बिलाशिवाय. तेव्हा या विषयाचा संबंध केवळ मोठ्या मिलवाल्यांशी आहे असे कोणी समजू नये.

लाखेच्या डाळीत जे विष आहे ते मज्जातंतूंवर काम करते. आपल्या जुन्या वैद्यांना ते माहीत होते. सुश्रुताच्या ग्रंथात ‘कलायखंज’ या नावाने पाय लंगडे करणाऱ्या रोगाचे वर्णन आहे. इंग्रजी अमदानीत कर्नल स्लीमन सागर भागात कामाला होते. त्यांनी १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत एक हकीकत नोंदवली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस कमी पडला, १८३१ साली गव्हावर तांबेरा आला. तिन्ही वर्षे शेतात टिकून राहिली ती फक्त लाख. लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ पासून त्या गावांतील तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. एकदा गेलेले पाय परत आले नाहीत.

या हकीकतीतच सारे मर्म आहे. लाखेला पाणी कमी लागते, दुष्काळात ती तग धरते, म्हणून गरिबाच्या ताटात ती दुष्काळातच भरून येते. अधूनमधून थोडी खाल्ली तर माणूस लुळा होत नाही. पण रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखेचा असेल आणि असे दोन-तीन महिने चालले, तर रोग धरतो. रीवा आणि सतना भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शेतमजुरांची मजुरी धान्यात मोजली जाई, आणि त्या धान्यात लाख असे. तिथे हजारो माणसे काठीच्या आधाराला आली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली रुमानियाच्या ताब्यातील व्हापनियार्का छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ खायला घातली गेली. काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. डॉ. आर्थर केसलर हे स्वतः तिथे कैदी होते; त्यांनी रोग ओळखला. मजूर असो की कैदी, ज्याला ताटातले अन्न निवडण्याचा अधिकार नव्हता त्याच्याच वाट्याला हा रोग आला.

विषाचे नाव मात्र १९६४ पर्यंत कोणाला माहीत नव्हते. त्या वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी ते वेगळे काढले. त्याच वर्षी मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमणियन यांनीही ते शोधले. रासायनिक नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ थोडक्यात ‘ओडॅप’ म्हणतात. आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात ग्लुटामेट नावाचा पदार्थ एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतो. ओडॅप त्या ग्लुटामेटचे सोंग घेते. कुलपात भलतीच किल्ली अडकून दार सारखे उघडे राहावे, तसे होते. पेशी उत्तेजित होऊन होऊन अखेर मरते.

असेच सोंग घेणारे विष समुद्रातही आहे. तिथली हकीकत सांगितल्याशिवाय आमचा मुद्दा पुरा होणार नाही. १९८७ च्या अखेरीस कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली, काही दगावली, आणि काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. शिंपले ताजे होते. त्यांना वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती, शिजवूनही उपयोग नव्हता. शिंपल्यातील विष तपासण्याची जुनी पद्धत अशी होती की शिंपल्यांचा अर्क उंदराला टोचायचा आणि तो किती वेळात मरतो ते घड्याळावर पाहायचे. या वेळी उंदीर नेहमीसारखे मेले नाहीत. ते विचित्रपणे मान खाजवू लागले. त्यावरून तज्ज्ञांनी ओळखले की हे विष वेगळे आहे. आठवडाभराच्या आत त्यांनी ते हुडकून काढले. त्याचे नाव डोमोइक आम्ल. समुद्रातील डोळ्यांना न दिसणारी एक सूक्ष्म वनस्पती ते तयार करते, शिंपला पाणी गाळताना ते साठवतो, आणि माणसाच्या मेंदूत ते ओडॅपप्रमाणेच ग्लुटामेटच्या कुलपात शिरते.

पुढे काय झाले ते व्यापाऱ्याने नीट पाहावे. कॅनडाने शिंपल्यांचा धंदा कायमचा बंद केला नाही. एक किलो मांसात २० मिलिग्रॅम ही हद्द ठरवली. पाणी आणि शिंपले ठराविक दिवसांनी तपासायचे, हद्द ओलांडली की तो किनारा बंद, आकडा खाली आला की पुन्हा खुला. लकवा आणणाऱ्या दुसऱ्या एका सागरी विषासाठी, म्हणजे सॅक्सिटॉक्सिनसाठी, अशीच किलोमागे ८०० मायक्रोग्रॅमची हद्द जगभर मानतात. आपल्या देशातही हे विष घात करून गेले आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळमधील विझिंजम येथे शिंपले खाऊन सात माणसे दगावली आणि पाचशेवर दवाखान्यात गेली. समुद्राच्या धंद्यात मात्र आज तपासणीशिवाय माल परदेशी जात नाही.

आता आपल्या डाळीकडे या. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखेच्या विक्रीवर बंदी आली. काही राज्यांनी ती लागू केली, काहींनी केली नाही. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांतही बंदी घेतली गेली. पण लाख पिकत राहिली. पूर्व विदर्भात भाताच्या शेतात, भात उभा असतानाच तिचे बी टाकतात. तो शेतकरी म्हणतो, ही आमची बापजाद्यांची डाळ आहे, आम्ही पाणी फेकून शिजवतो, आम्हाला काही झाले नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे चळवळ केली. कृषी शास्त्रज्ञांनीही रतन, प्रतीक आणि महातिवडा असे कमी विषाचे वाण काढले. त्यांत ओडॅप सुमारे ०.१ टक्का किंवा त्याहून कमी. जुन्या वाणांत ते अर्ध्या टक्क्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे जाऊ शकते. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या कमी विषाच्या वाणांना अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या, आणि देशभर वाद झाला.

आमचे मत विचाराल तर दोन्ही पक्षांची बाजू अर्धी आहे. बंदीवाले म्हणतात, लाख म्हणजे विष. चळवळवाले म्हणतात, लाख म्हणजे अन्न. पण पोत्यात ओडॅप किती, हे दोघांपैकी कोणी मोजून दाखवत नाही. वाणाच्या नावावर भरवसा ठेवणेही पुरेसे नाही. पाऊस कमी पडला की त्याच बियाण्यात विष वाढते. जमिनीप्रमाणे आकडा बदलतो. शेजारच्या शेतातील जुन्या वाणाचे परागकण मधमाशी घेऊन येते आणि दोन-चार हंगामांत चांगले बी बिघडते. म्हणून मोजायचे तर ज्या त्या खेपेचे मोजायला हवे. समुद्रवाल्यांनी हद्द ठरवून मोजणी सुरू केली. आपण बंदी घालून मोजणे सोडून दिले. अशा बंदीचा फायदा एकालाच होतो, जो चोरून मिसळतो त्याला.

मिसळ ओळखायची कशी? डाळ अख्खी असेल तर नजर कामाला येते. लाखेचा दाणा पाचरीसारखा, कोपरे असलेला, एका बाजूने उतरता असतो. तुरीचा गोल आणि हरभऱ्याचा फुगीर. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहिली तर मिलमधील जुनी निवडणारी बाई क्षणात सांगेल. बेसनासाठी आम्लाची चाचणी आहे. थोडे बेसन काचेच्या भांड्यात घ्यावे, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याला आपण मिठाचे तेजाब म्हणतो, ते घालावे आणि भांडे मंद उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावे. गुलाबी रंग आला तर लाखेचा संशय. हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे; मुलाबाळांच्या घरात तेजाबाशी खेळ नको.

इथे आमच्या कापडाच्या धंद्याचा संबंध येतो. डाळ आणि बेसन पिवळेधमक दिसावे म्हणून काही लोक मेटॅनिल यलो वापरतात. हा खाण्याचा रंग नाही. लोकर, रेशीम आणि चामडे रंगवण्याचा हा ॲझो जातीचा रंग, अन्नात तो वापरण्याची परवानगी नाही. आमच्या रंगाऱ्यांना त्याचा स्वभाव पुरेपूर माहीत आहे. तेजाब लागले की तो तत्काळ पिवळ्याचा गुलाबी होतो. म्हणजे बेसनात लाखेचा कण नसला आणि हा रंग असला, तरी गुलाबी रंग येणारच. फरक वेळेचा आहे. तेजाब पडताच, न तापवता रंग फिरला तर तो मेटॅनिल यलोचा. गरम पाण्यात ठेवल्यावर हळूहळू आला तर लाखेचा संशय. दोन्ही असतील तर घरची चाचणी आंधळी होते आणि माल प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. अर्थात दोन्ही बाबतींत ते बेसन दुकानात ठेवण्याच्या लायकीचे नाहीच.

पण गुलाबी रंग लाख आहे की नाही एवढेच सुचवतो. विष किती, हे सांगत नाही. ते सांगणारी पद्धत १९६४ च्या शोधात सहभागी असलेल्या डॉ. एस. एल. एन. राव यांनीच १९७८ मध्ये दिली. पिठातील विष पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये उतरवायचे, ते कॉस्टिक पोटॅशबरोबर अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचे, मग एक विशिष्ट रसायन घालायचे. पिवळा रंग येतो. जितका गडद, तितके विष जास्त. तो गडदपणा यंत्रावर वाचतात आणि माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून आकडा काढतात. रंगारी बांधवांनी घाबरण्यासारखे यात काही नाही. शेड कार्डाशी कापड जुळवतो तसेच हे, फक्त डोळ्याऐवजी यंत्र पाहते. या पद्धतीचीही एक उणीव आहे. ओडॅपचे दोन प्रकार असतात, एक विषारी आणि एक जवळपास निरुपद्रवी. ही पद्धत दोघांना एकत्र मोजते. ते वेगळे करायचे तर एचपीएलसी नावाचे महाग यंत्र लागते. पण बाजारच्या कामाला रंगाची पद्धत पुष्कळ आहे, आणि त्या प्रकारचे रंगमापक यंत्र रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत असते.

आकड्याचा अर्थ काय, ते एका हिशेबाने पाहू. समजा लाखेत ०.३ टक्के विष आहे. दिवसाला ४०० ग्रॅम लाख खाणाऱ्या मजुराच्या पोटात १२०० मिलिग्रॅम गेले. आता समजा बेसनात दहा टक्के मिसळ आहे आणि कोणी १०० ग्रॅम बेसनाची भजी खाल्ली. त्याच्या पोटात ३० मिलिग्रॅम गेले. चाळीस पटींचा फरक आहे. म्हणून इफ्तारची भजी खाऊन कोणी लुळा होईल अशी भीती पसरवणे चुकीचे. पण जो शेववाला, भजीवाला, खानावळीचा कामगार रोज उरलेल्या मालावरच पोट भरतो, त्याचा हिशेब गिऱ्हाइकाच्या हिशेबासारखा नसतो. शिवाय मिसळणाऱ्याने दहा टक्के टाकले की चाळीस, हे मोजल्याशिवाय कळणार कसे? घरच्यांसाठी एवढे सांगून ठेवतो की हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६६ मध्येच दाखवले होते की अख्खी डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. बेसनाला हा उपाय लागू नाही. पीठ भिजवून त्याचे पाणी कोणी फेकत नाही, आणि तळण्याचा भरवसा धरता येत नाही.

आता नमुन्याबद्दल. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. धान्यवाल्याने पावसाचे कारण सांगितले. त्याला विचारले गेले की ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, हे तिथेच सांगितले गेले. खुतब्यात ही हदीस नियतीवर सांगितली जाते. व्यापारी म्हणून आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हात वरवर फिरवला नाही, ढिगाच्या आत घातला. आजच्या प्रयोगशाळेचे पहिले सूत्र हेच आहे. पोत्याच्या तोंडाची मूठभर डाळ घेऊन केलेली तपासणी फुकट आहे. शंभर पोत्यांची खेप असेल तर निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून परखीने माल काढावा, एकत्र करावा, चौकोनात वाटत वाटत कमी करावा आणि मग पुडी बांधावी. नमुना खोटा तर यंत्र कितीही महाग असो, आकडाही खोटा.

आमच्या कापडवाल्यांना हा धडा महागात शिकावा लागला होता. १९९४ मध्ये जर्मनीने घातक ॲझो रंगांच्या कापडावर बंदीचा कायदा केला, आणि भारतानेही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. त्यांतून निघणाऱ्या कर्करोगकारक अमाइनांची हद्द किलोमागे ३० मिलिग्रॅम ठरली. सुरुवातीला कित्येकांनी परदेशी कारस्थान म्हणून हात झटकले. मग परत आलेला माल पाहिला, आणि रंगाच्या डब्याबरोबर प्रमाणपत्र मागण्याची सवय लागली. आज निर्यातीचे कापड घेणारा तपासणीचा कागद आधी पाहतो, मग भाव बोलतो. जर्मन गिऱ्हाइकाच्या अंगाला लागणाऱ्या कापडासाठी आपण हे करू शकतो, तर आपल्याच मोहल्ल्याच्या पोटात जाणाऱ्या बेसनासाठी का नाही?

धुळ्यातील आमच्या ओळखीच्या एका शेव बनवणाऱ्यावर हा प्रसंग गुदरला. नमुना नेला गेला, दोष निघाला. बेसन ज्याच्याकडून घेतले त्याने सरळ कानावर हात ठेवले, कारण बिलच नव्हते. मिसळणारा मोकळा, तळणारा अडकला. कायदा माहीत असता तर त्याची निम्मी तकलीफ वाचली असती. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे अधिकाऱ्याने नमुन्याचे चार भाग करायचे असतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात, आणि चौथा भाग व्यापाऱ्याने मागितला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. हा चौथा भाग लहान दुकानदार मागतच नाही, कारण मागता येतो हेच त्याला माहीत नसते. अहवाल विरुद्ध आला तर तीस दिवसांत अपीलही करता येते.

माल घेताना दुसरा कागद मागावा तो ‘नमुना ई’ मधील हमीचा. तो वेगळा देता येतो किंवा बिलावरच छापता येतो. ज्या घाऊक व्यापाऱ्याला हमी द्यायची नसते त्याचा भाव किलोमागे दोन रुपये कमी का आहे, याचे उत्तर बहुधा त्यातच असते. कलम ४० प्रमाणे साधा खरेदीदारही फी भरून विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. मात्र घेतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. दोष निघाला तर फी परत मिळते.

एकट्या भजीवाल्या बाईला ही फी झेपणार नाही हे आम्ही जाणतो. म्हणून सुचवावेसे वाटते की जळगाव आणि धुळ्यातील किराणा, फरसाण व खानावळीवाल्या बांधवांनी बेसन एकत्र घ्यावे. रमजानची मोठी खरेदी शाबानमध्ये होते. त्या वेळी दहा-वीस जणांनी एका मिलकडून एकच खेप ठरवावी, पोत्यांच्या आतून नमुना काढावा, आणि खर्च पोत्यामागे वाटून घ्यावा. आपल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणारी आपली मुले-मुली आहेत. राव यांची पद्धत त्यांना प्रकल्प म्हणून करता येईल. त्यांचा अहवाल कोर्टात चालणार नाही, पण कोणत्या खेपेवर अधिकृत तपासणीचे पैसे घालायचे हे त्यातून कळेल. जळगावच्या डाळ मिलवाल्यांपैकी कोणी पुढे येऊन पोत्यावर खेपेचा क्रमांक आणि तपासणीची तारीख छापायला तयार असेल, तर त्याचा माल घेणारे आम्ही दहा दुकानदार आजच गोळा करून देतो.